तेल बदलले, स्वहस्ते

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या गाडीखाली उताणं झोपावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. त्याशिवाय आपल्या इमारतीत किती तज्ज्ञ राहतात ते कळत नाही. उभ्या माणसाला सल्ला द्यायला लोक जरा बिचकतात. तो उलटून बोलेल अशी धास्ती असते. आडव्या माणसाचे फक्त पाय बाहेर दिसतात आणि पायांशी बोलताना कोणालाच संकोच वाटत नाही. मी आठवडाभर आडवा होतो. त्या आठवड्यात माझ्या पायांनी जे ऐकून घेतलं, ते मी उभा असताना जन्मात ऐकून घेतलं नसतं.

गाडी सासऱ्यांची. म्हणजे आता माझी, पण हे वाक्य मी त्यांच्यासमोर उच्चारत नाही. सासरे वजनमापं खात्यात निरीक्षक होते. छत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस निवृत्त झाला की तराजू संपतात, तपासणी संपत नाही. घरातलं घड्याळ, दुधाची पिशवी, नातवंडांची नखं, सगळं ते तपासतात आणि समाधान झालं तर मान हलवून 'तपासलं' म्हणतात. त्यांना जावई दोन. थोरले इंजिनिअर. धाकटा मी, एका कॉलेजातला ग्रंथपाल. पंधरा वर्षं झाली, माझ्या बाबतीत त्यांनी अजून मान हलवलेली नव्हती. प्रकरण विचाराधीन होतं.

त्यामुळे पंचाहत्तरी झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती थोरल्यांना न देता मला दिली, तेव्हा घराण्यात खळबळ माजली. माझ्या साडूंनी फोन करून अभिनंदन केलं, पण आवाज कोणीतरी गेल्यावर लावतात तसा होता. मी मात्र हरखलो. "शेवटी त्यांना माणसाची पारख झाली," असं मी बायकोला म्हणालो. बायको चादरीची घडी घालायला लागली. पंधरा वर्षांत ती अशा वाक्यांवर काही बोललेली नाही.

खरं सांगायचं तर गाडी मला नको होती, तिला हवी होती. गाडी अठ्ठावीस वर्षांची. बायको दहा वर्षांची असताना घरात आली. मागच्या सीटवर बसून तिने पाढे पाठ केले, पुढच्या सीटवर बसून चालवायला शिकली, आणि तिची आई आजारी पडली तेव्हा दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते ह्याच गाडीतून. शेवटच्या वेळी नुसतंच नेलं. बायकोने आजवर माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. गाडी घरी आली त्या दिवशी ती बॉनेटवरून हात फिरवत म्हणाली, "ही राहू दे हां आपल्याकडे." हे मागणं त्या पाच बोटांतलं होतं.

आणि गाडी राहणं तितकं सोपं नव्हतं. कारण मला गाडी मिळाली नव्हती, गाडीचा चार्ज मिळाला होता. सासऱ्यांनी यादी केली होती. स्टेपनी एक, जॅक एक, फडकी पिवळी दोन, छत्री एक (दांडा सैल). खाली 'वरीलप्रमाणे ताबा मिळाला' लिहून माझी सही घेतली. सोबत एक जाडजूड वही दिली. तिच्यात उभे रकाने पाडलेले: तारीख, किलोमीटर, काम, कोणी केले, तपासले. दर पाच हजार किलोमीटरला निळ्या शाईत एकच नोंद. 'तेल बदलले. स्वहस्ते.' अठ्ठावीस वर्षं, एकही चुकलेली नाही.

"गाडीचं तेल परक्या माणसाच्या हाती देणं म्हणजे आपली मुलगी परक्याच्या हाती देणं," असं त्यांनी मला, म्हणजे त्या परक्यालाच, समजावून सांगितलं. "मी पांढरा शर्ट घालून तेल बदलतो, जावईबापू. अंगावर थेंब नाही पडत. हात सवयीचा पाहिजे." मग अट घातली. पहिला तेलबदल मी स्वहस्ते करायचा, ते येऊन तपासणी करणार. नापास झालो तर गाडी परत घेऊन भंगारात घालणार. भंगार हा शब्द उच्चारताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

पाच हजार किलोमीटर भरले. त्यांचा फोन आला, "रविवारी दहाला येतो."

सोमवारी बायको म्हणाली, "एखाद्या गॅरेजला देऊन टाक ना. आणि वहीत लिही स्वहस्ते. कोणाला कळणार आहे?"

मी तिच्याकडे अत्यंत दुःखाने पाहिलं. खोटी नोंद! आणि ती ग्रंथपालाने करायची! ज्या माणसाने वीस वर्षांत एकही पुस्तक चुकीच्या कपाटात जाऊ दिलं नाही, त्याला ही बाई काय सांगते आहे? मी हे तिला बोलून दाखवलं. "बरं," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

तेल बदलणं ही मुळात चार ओळींची गोष्ट आहे. इंजिनच्या बुडाशी तेलाचं चेंबर असतं. त्याला खालून एक बोल्ट असतो. बोल्ट काढायचा, जुनं तेल घमेल्यात पडू द्यायचं, बोल्ट लावायचा आणि वरून नवं तेल ओतायचं. मी आमच्या ग्रंथालयातली तीन पुस्तकं वाचली. तिन्ही 'प्रथम बोल्ट सैल करावा' अशी सुरू होत होती. तो सैल झाला नाही तर काय करावं, यावर एकाही लेखकाने अवाक्षर काढलेलं नव्हतं. लेखकांनी स्वतः कधी बोल्ट काढला असेल असं मला वाटत नाही.

पान्यांचा नवा सेट आणला. दहापासून चोवीसपर्यंत सगळे पाने, आणि बोल्ट सतरा नंबरचा. सेटमध्ये सोळा होता, अठरा होता. परत दुकानात गेलो.

"सेटमध्ये सतरा येत नाही," दुकानदार म्हणाला.

"पण मला सतराच पाहिजे."

"सगळ्यांना सतराच पाहिजे असतो, म्हणून तर तो सुटा विकतात."

मंगळवारी पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवून, सुटा सतरा घेऊन मी गाडीखाली शिरलो. बोल्टभोवती करड्या रंगाचा, दगडासारखा टणक थर होता. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून पाहिला, निघेना. अठ्ठावीस वर्षांचा मळ, घट्ट असायचाच, असं म्हणून मी तो सोडून दिला. पाना बसवला, श्वास रोखला आणि जोर केला. बोल्ट जागचा हलला नाही. माझ्या खांद्यात मात्र काहीतरी कट् करून सैल झालं.

एवढ्यात पायांशी दोन काळे बूट येऊन थांबले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. हे गृहस्थ झोपतानाही बूट काढत नसावेत.

"काय चाललंय खाली?"

"तेल बदलतोय."

"पार्किंगमध्ये दुरुस्तीकामाला बंदी आहे. ठराव क्रमांक चौदा."

"ही दुरुस्ती नाही, देखभाल आहे."

"फरक काय?"

"बिघडलेलं नीट करणं म्हणजे दुरुस्ती. नीट आहे ते नीट ठेवणं म्हणजे देखभाल," मी खालून म्हणालो. हे वाक्य मला स्वतःलाच आवडलं.

"मग आत्ता काय करताय?"

"आत्ता बोल्ट निघत नाहीये."

"म्हणजे बिघाड झाला. म्हणजे दुरुस्ती. अर्ज करा."

अर्जाचा सोसायटीत एकच नमुना होता, फ्लॅटमधल्या अंतर्गत बांधकामाचा. तो मी भरला. भिंत पाडणार का? नाही. राडारोडा कुठे टाकणार? घमेल्यात. अवजड सामान हलवणार का? नाही. मजूर किती? एक. त्यांचा अनुभव? हा रकाना मी कोरा सोडला. परवानगी बुधवारी संध्याकाळी मिळाली, ती दोन अटींवर. आवाज होता कामा नये आणि फरशीवर डाग पडता कामा नये. अटी पाळल्या जातात की नाही हे पाहायला निरीक्षक नेमला गेला. तो सेक्रेटरींनी स्वतःच व्हायचं ठरवलं आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन माझ्या पायांशी येऊन बसले. मांडीवर रजिस्टर.

खुर्ची मांडली की तमाशा आहे असं समजून माणसं जमतात. पहिल्या आल्या त्या तळमजल्यावरच्या काकू.

"माझ्या बरणीचं झाकण असंच बसतं," त्या म्हणाल्या. "गरम पाण्यात धरते मी. लगेच निघतं."

"काकू, गाडी गरम पाण्यात कशी धरणार?"

"ते तुम्ही बघा बाई. मी उपाय सांगितला."

मग दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक आले. ते इतिहासाचे, त्यामुळे त्यांना यंत्रांविषयी फार आस्था आहे. "तुम्ही उलट्या दिशेने फिरवताय," ते माझ्या पायांना म्हणाले. मी म्हटलं, घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवतोय, तसंच असतं. "घड्याळ वरून बघायचं की खालून?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी हातातलं घड्याळ काढून गाडीखाली माझ्या नाकासमोर धरलं आणि काटे कुठून कुठे जातात ते मला दाखवू लागले. काटे त्यांच्या गतीने जात होते. सेक्रेटरींचं मत तिसरंच होतं. अर्ध्या तासाने मी दोन्ही दिशांना जोर लावून पाहिला. बोल्टला दोन्ही दिशा सारख्याच होत्या.

गुरुवारी आमचा पैलवान आला. चौथ्या मजल्यावर राहतो, दिवसातून दोनदा जिमला जातो आणि उरलेल्या वेळात कोणाचं तरी काहीतरी उचलून देतो. त्याच्या चांगुलपणाबद्दल इमारतीत दुमत नाही. फ्रिज, कपाटं, गॅस सिलिंडर, सगळं त्याने एकट्याने जिन्यावरून नेलेलं आहे. "सरका काका," तो म्हणाला आणि खाली शिरला. गाडी दोन इंच वर आल्यासारखी वाटली. खालून एक हुंकार ऐकू आला आणि मग आनंदाची आरोळी.

"हलला!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी रजिस्टरमध्ये आवाजाची नोंद केली. मी वाकून पाहिलं. हलला होता तो पाना. सहा कोपऱ्यांचा बोल्ट पैलवानाने सुपारीसारखा गोल करून ठेवला होता. आता त्याला सतरा नंबरचाच काय, जगातला कुठलाच पाना बसणार नव्हता.

"दगड झालाय काका तिथे," पैलवान हात पुसत म्हणाला. "मळ नाही वाटत तो."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे मला त्याची फार आठवण झाली.

शनिवारी शेवटचा उपाय. प्लंबरकडून गोल पाइप धरायचा पाना मागून आणला, त्याने बोल्ट पकडला. पान्याच्या दांड्याला लांबी मिळावी म्हणून काकूंचा कपडे वाळत घालायचा लोखंडी पाइप त्यावर चढवला. पाइपवर काकूंचं पांघरूण होतं, ते सेक्रेटरींच्या खुर्चीवर ठेवलं. सेक्रेटरी तेव्हा रजिस्टरची नवी वही आणायला गेले होते. "दांडा लांब असला की पृथ्वीसुद्धा हलते," प्राध्यापक म्हणाले. पाइपच्या टोकाला मी आणि पैलवान. एक, दोन, तीन.

प्राध्यापक चुकले नव्हते. गाडी हलली. आधी पुढचं डावं चाक फळीवरून उतरलं, मग उजवं, आणि अठ्ठावीस वर्षांचा हँडब्रेक कर्रर करून सुटला. गाडी सावकाश, अगदी सभ्यपणे चालत जाऊन सेक्रेटरींच्या स्कूटरला भिडली. स्कूटर खुर्चीवर पडली. खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले आणि काकूंचं पांघरूण मध्ये राहिलं. आम्ही दोघं पाइप हातात धरून उभे होतो. बोल्ट जिथे होता तिथेच होता.

सेक्रेटरी आले. स्कूटरकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"'अवजड सामान हलवणार का', या रकान्यात तुम्ही 'नाही' लिहिलंय," ते म्हणाले.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होतो. बोटांची सालं निघाली होती. बायकोने चहा केला, माझा हात हातात घेऊन त्यावर मलम लावलं.

"सोड ना आता," ती म्हणाली. "बाबांना सांगू सरळ."

"काय सांगू? जो बोल्ट तुम्ही अठ्ठावीस वर्षं पांढरा शर्ट घालून काढता, तो मला पाच दिवसांत काढता आला नाही, हे?" मी कप ओट्यावर ठेवला. "पंधरा वर्षांत त्यांनी एकदाच काहीतरी माझ्या हाती दिलं गं. आणि तुला ती हवी होती. आता गाडी जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. पण हे म्हणताना ती खिडकीतून खाली गाडीकडे बघत होती.

रविवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना सासरे रिक्षातून उतरले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला निळं पेन. मीही धुतलेला शर्ट घातला होता. फाशी जायचं तर नीटनेटकं जावं. पार्किंगमध्ये मंडळी आधीच जमली होती. सेक्रेटरी नव्या खुर्चीवरून उठून उभे राहिले, आपल्याच खात्याचा वरिष्ठ आल्यासारखे. वर बाल्कनीत बायको उभी होती.

"झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. बोल्ट निघत नाहीये."

आता काय ऐकावं लागणार याची मी मनात उजळणी केलेली होती. पण त्यांनी नुसता हात पुढे केला. टॉर्च मागितला, हळूहळू एका गुडघ्यावर बसले आणि खाली वाकून खूप वेळ पाहत राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"तपासणी चालू आहे. सगळ्यांनी बाजूला व्हा," ते जमावाला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "जावईबापू, गाडीत बसा." आम्ही दोघं पुढच्या सीटवर बसलो. त्यांनी काचा वर करायला लावल्या.

"खाली किती वेळा शिरलात?"

"रोज."

"रोज!" त्यांना खरंच धक्का बसला होता. "अहो, पण कशासाठी?"

"तेल बदलायला. वहीत लिहिलंय ना, स्वहस्ते."

"लिहिलंय हो. लिहायचं असतं तसं. कोणीही शहाणा माणूस गुपचूप गॅरेजला देतो आणि स्वहस्ते लिहितो. तुम्ही खरोखर खाली शिराल असं मला स्वप्नातही वाटलं नाही." ते थांबले. "तो बोल्ट निघणार नाही. चिकटवलेला आहे."

"कोणी चिकटवला?"

"मी."

ते समोरच्या काचेकडे बघत होते.

"गाडी नवी होती. पहिल्यांदा तेल बदललं. बोल्ट परत लावताना जरा जास्तच आवळला. आटे गेले. तेल ठिबकायला लागलं. लोखंड चिकटवायचा तो दोन ट्यूबांचा लगदा मिळतो ना, तो कालवला आणि थापला. काय करणार? वर बाल्कनीत तिघी उभ्या होत्या. ही, आणि दोघी मुली. धाकटी टाळ्या वाजवत होती. बाबांनी केलं, बाबांनी केलं, म्हणून. मी म्हणालो, हो, केलं."

करडा थर माझ्या डोळ्यांसमोर आला. आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर लेबलं चिकटवलेल्या माणसाला चिकटवलेली वस्तू ओळखता आली नव्हती.

"मग नंतर? अठ्ठावीस वर्षं?"

"बाजारामागच्या गल्लीत एक जण आहे. तेल मोजायची पट्टी असते ना, तिच्या भोकातून नळी आत सोडतो आणि यंत्राने वरूनच ओढून घेतो. वीस मिनिटं लागतात."

"आणि वहीत स्वहस्ते?"

"नळी मी धरतो," सासरे म्हणाले. त्या वाक्यात छत्तीस वर्षांची सरकारी नोकरी होती.

मला आता एकच गोष्ट विचारायची राहिली होती आणि ती विचारू नये हेही कळत होतं. तरी विचारली. "बाबा, गाडी थोरल्यांना का नाही दिलीत?"

"ते इंजिनिअर आहेत. पहिल्याच दिवशी खाली वाकून पाहिलं असतं."

"आणि मी?"

"तुम्ही बघणार नाही अशी माझी खात्री होती."

म्हणजे माणसाची पारख झाली होती ती ही. काचेबाहेर अख्खी सोसायटी आमच्या तोंडांकडे पाहत होती. काच चार बोटं खाली केली असती आणि एक वाक्य मोठ्याने बोललो असतो, तर पंधरा वर्षांचा हिशेब मिटला असता. सेक्रेटरींनी ते रजिस्टरमध्ये लिहून घेतलं असतं, थोरल्यांपर्यंत संध्याकाळच्या आत पोहोचलं असतं. मी साधू नाही. ते वाक्य मी मनात तीनदा, वेगवेगळ्या शब्दांत बोलून पाहिलं आणि तिन्ही वेळा मला ते आवडलं.

"धाकटीला सांगू नका," सासरे म्हणाले.

पंधरा वर्षांत या माणसाने मला सूचना दिल्या होत्या, ताकीद दिली होती, यादी दिली होती. मागितलं कधीच काही नव्हतं. मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. न व्हायला काय झालं होतं? पाच दिवस पाच जणांनी तिच्याशी झुंज दिली, पण तिच्या अंगातून तेलाचा एक थेंब कोणाला काढता आला नव्हता.

मी काच खाली केली. "चाचणीची फेरी मारून येतो," मी सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी वेळ लिहून घेतली.

बाजारामागच्या गल्लीतला तो माणूस सासऱ्यांच्याच वयाचा निघाला. "या साहेब, यंदा उशीर केलात," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने भुवया उंचावल्या. "जावई," सासरे म्हणाले. "आता हे येतील." यंत्र सुरू झालं. सासऱ्यांनी नळी माझ्या हातात दिली. "घट्ट धरा," म्हणाले. त्यात धरण्यासारखं काही नव्हतं, नळी आपोआप उभी राहत होती. पण मी घट्ट धरली. वीस मिनिटांनी काळं तेल बाहेर आणि सोनेरी तेल आत. तेलाचा थेंब कोणाच्याच अंगावर पडला नाही.

आम्ही परतलो तेव्हा मंडळी पांगलेली नव्हती. सासऱ्यांनी तेल मोजायची पट्टी काढून, पुसून, पुन्हा बुडवून सगळ्यांना स्वच्छ तेल दाखवलं. "एक तंत्र असतं," एवढंच म्हणाले. त्यावर प्राध्यापक म्हणाले की काल दांडा लावला तेव्हाच बोल्ट सैल झाला होता. पैलवान म्हणाला, मी तर गुरुवारीच हलवला होता. काकू म्हणाल्या, गाडी सकाळपासून उन्हात होती, तापली, निघाला. मी म्हटलं नव्हतं का? सेक्रेटरींनी काम पूर्ण झाल्याचा दाखला मागितला आणि त्यासाठी वेगळा अर्ज असतो असं सांगितलं. मी सगळ्यांचे आभार मानले. कोणाचंच म्हणणं मी खोडून काढलं नाही, आणि हे मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

मग बॉनेटवर वही उघडली. तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले, काम लिहिलं. 'कोणी केले' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. वीस वर्षांची ग्रंथपाली आडवी आली. सासरे घसा खाकरले. मी लिहिलं: स्वहस्ते. त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं, शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण केली, 'तपासले' असं लिहिलं आणि सही केली. मग माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

वरून टाळ्या ऐकू आल्या. बाल्कनीत बायको उभी होती. सासऱ्यांनी वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. "येतो," म्हणाले आणि चहाला न थांबता निघून गेले.

मी वर गेलो. नखशिखांत विजयी दिसण्याचा मी जिन्यातच सराव केला होता. बायको दारात उभी होती. तिने माझ्या शर्टाची कॉलर पाहिली, बाह्या उलटसुलट करून पाहिल्या, पाठ पाहिली.

"एक डाग नाही," ती म्हणाली.

"हात सवयीचा पाहिजे," मी म्हणालो.

ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते माझ्याच बाहीला पुसले.

"लहानपणी मी आईला विचारलं होतं," ती म्हणाली. "बाबा गाडीचं तेल बदलतात, मग त्यांचा शर्ट कधी मळत कसा नाही? आई म्हणाली, ते विचारायचं नसतं. टाळ्या वाजवायच्या."

"म्हणजे तुला माहीत होतं? आणि मी आठवडाभर तिथे खाली..."

"सोमवारीच सांगितलं होतं ना तुला, गॅरेजला दे आणि लिही स्वहस्ते. ऐकलंस?"

तिने वही माझ्या हातातून घेऊन कपाटात ठेवली.

"पुढच्या वेळी पांढरा घाल," ती आतून म्हणाली. "तुला शोभेल आता."